प्रोटीन डेटा बँक: वनस्पतींच्या रोगप्रतिकारक प्रथिनांच्या अभ्यासकाच्या नजरेतून

प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा हा सार्वजनिक संग्रह १९७१ मध्ये अवघ्या ७ रचनांनिशी सुरू झाला आणि आज त्यात २ लाखांहून अधिक नोंदी आहेत. तो पाहण्यासाठी शुल्क भरावे लागत नाही, नाव नोंदवावे लागत नाही आणि त्यातील माहिती कोणत्याही कामासाठी कोणालाही वापरता येते. एवढ्या जुन्या आणि सर्वमान्य सेवेचे परीक्षण करण्याचे कारण असे, की तिच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा औषधनिर्मिती किंवा मानवी रोगांच्या अंगाने लिहिलेले असते. वनस्पतींची रोगप्रतिकारक प्रथिने समजून घेण्यासाठी मी ही सेवा नियमित वापरते आणि या विशिष्ट कामाच्या कसोटीवर ती कुठे उतरते, कुठे अपुरी पडते, एवढाच या लेखाचा विषय आहे. माझे मत आधीच सांगते: अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने वर्तवलेल्या रचनांच्या महाकाय संग्रहानंतरही या विषयासाठी प्रोटीन डेटा बँकेला पर्याय नाही, कारण रोगप्रतिकारक प्रथिनाचे कार्य त्याच्या एका आकारात नसते, ते एका आकारातून दुसऱ्या आकारात जाण्यात असते, आणि हा बदल प्रत्यक्ष मोजलेल्या रचनांमध्येच विश्वासाने पाहता येतो.

या मताचा आधार प्रथिनांच्या बांधणीत आहे. जवस आणि त्यावरील तांबेरा यांचा अभ्यास करून हॅरोल्ड फ्लोर यांनी १९४० च्या दशकात असे दाखवले, की यजमान वनस्पतीतील विशिष्ट जनुक आणि रोगकारकातील विशिष्ट जनुक यांची जोडी जुळली तरच प्रतिकार घडतो. ती जनुके प्रत्यक्ष हाती लागायला १९९० चे दशक उजाडावे लागले, आणि त्यांच्यापैकी बहुसंख्य जनुके एकाच घराण्याची प्रथिने तयार करतात असे आढळले. या घराण्याला एनएलआर म्हणतात, म्हणजे न्यूक्लिओटाइड बांधणारा आणि ल्युसीनयुक्त पुनरावृत्तींचा असे भाग असलेले ग्राहक. अरॅबिडॉप्सिस या छोट्याशा प्रयोगवनस्पतीत अशी सुमारे १५० जनुके आहेत, तर भातात त्यांची संख्या कितीतरी अधिक आहे. त्यांच्या प्रथिनांचे स्थूलमानाने तीन भाग असतात. शेवटच्या टोकाला ल्युसीनयुक्त पुनरावृत्तींचा, घोड्याच्या नालेच्या आकारात वळलेला भाग असतो. रोगकारकाची चाहूल बहुधा तिथे लागते. मधल्या भागात न्यूक्लिओटाइड हा छोटा रेणू बांधून ठेवणारा कप्पा असतो. त्यात एडीपी हा न्यूक्लिओटाइड असेल तर प्रथिन निष्क्रिय राहते आणि त्याच्या जागी एक फॉस्फेट जास्त असलेला एटीपी आला की ते जागे होते. सुरुवातीच्या टोकाला कार्यकारी भाग असतो. तो एका शाखेत सीसी प्रकारचा, म्हणजे चार हेलिक्सच्या (मळसूत्रासारख्या वळणदार दांड्यांच्या) जुडीचा, आणि दुसऱ्या शाखेत टीआयआर प्रकारचा असतो. पाठ्यपुस्तकात हे तीन भाग एका रेषेवर तीन रंगीत चौकोन काढून दाखवतात. त्या चौकोनांवरून भागांची नावे पाठ होतात, पण शेवटच्या टोकाला लागलेली चाहूल सुरुवातीच्या टोकापर्यंत पोहोचते कशी, हे त्यांवरून अजिबात कळत नाही.

ते कळण्यासाठी प्रोटीन डेटा बँकेतील दोन नोंदी शेजारी शेजारी उघडाव्यात, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. पहिली ६जे५डब्ल्यू आणि दुसरी ६जे५टी. दोन्ही २०१९ च्या आहेत, दोन्ही अरॅबिडॉप्सिसमधील झार-१ या प्रथिनाच्या आहेत आणि दोन्ही गोठवलेल्या नमुन्यांची चित्रे घेणाऱ्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने मिळवलेल्या आहेत. पहिल्या नोंदीत झार-१ विश्रांत अवस्थेत आहे आणि त्याच्या नालेसारख्या भागाला आरकेएस-१ हे साथीदार प्रथिन चिकटलेले आहे. ब्राउझरमध्येच चालणाऱ्या मोल-स्टार या दर्शकात एडीपीच्या रेणूवर टिचकी मारली, की दृश्य आपोआप त्या रेणूजवळ जाते आणि त्याच्या भोवतालची अमिनो आम्ले बाजूच्या साखळ्यांसह उघडी होतात. इथे थोडा वेळ थांबून पाहावे. एडीपी एखाद्या उघड्या खाचेत ठेवलेला नाही. मध्यभागाचे उपविभाग एकमेकांवर मिटून त्याला आत कोंडून धरतात, आणि ‘एमएचडी’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या तीन अमिनो आम्लांच्या तिकडीतील हिस्टिडीन त्याच्या फॉस्फेटच्या दिशेने वळलेले असते. या तिकडीत बदल झाला की अनेक एनएलआर प्रथिने रोगकारक नसतानाही जागी होतात, हे जनुकशास्त्राला आधीपासून माहीत होते. ते का होत असावे, हे या एका दृश्यात डोळ्यांना दिसते.

आता ६जे५टी उघडावी. त्याच प्रथिनाच्या पाच प्रती एका चाकात बसलेल्या दिसतात आणि प्रत्येक प्रतीला आरकेएस-१ व पीबीएल-२ ही दोन प्रथिने जोडलेली असतात, म्हणजे एकूण १५ साखळ्या. यामागची हकिगत अशी आहे. कोबीवर्गीय पिकांवर घाण्या रोग आणणारा झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस हा जिवाणू एव्हीआर-एसी नावाचे प्रभावक, म्हणजे वनस्पतीचे संरक्षण मोडू पाहणारे, प्रथिन पेशीत सोडतो. हे प्रथिन वनस्पतीच्या संरक्षणात गुंतलेल्या कायनेज प्रकारच्या विकरांवर युरिडीन मोनोफॉस्फेट हा छोटा रेणू चिकटवून त्यांना निकामी करते. पीबीएल-२ हे त्या कायनेजांसारखेच दिसणारे आमिष आहे. त्याच्या २५३ व्या सेरीनवर आणि २५४ व्या थ्रिओनिनवर तीच खूण उमटली, की ते आरकेएस-१ ला जाऊन चिकटते. त्यामुळे आरकेएस-१ चा एक लवचीक भाग ताठ होऊन झार-१ च्या मध्यभागाला धक्का देतो, मध्यभाग सुमारे ६० अंशांनी बाहेर फिरतो आणि कोंडलेला एडीपी सुटतो. रिकाम्या कप्प्यात नवा न्यूक्लिओटाइड आला, की पाच प्रती एकत्र येऊन चाक तयार होते. रोगकारकाचे प्रथिन झार-१ ला स्वतः कधी स्पर्शही करत नाही. त्याने दुसऱ्यावर केलेला आघात तेवढा झार-१ ओळखते. वनस्पती आपल्याच प्रथिनांवर पाळत ठेवून असतात हा विचार आधीपासून मांडला जात होता, पण तो कोणत्या अणूंच्या हालचालींतून घडतो हे या नोंदींनी दाखवले.

या दोन नोंदींमधील सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रथिनाच्या अगदी सुरुवातीला आहे आणि ती दर्शकात स्वतः शोधण्यात खरा आनंद आहे. विश्रांत अवस्थेत पहिली हेलिक्स इतर हेलिक्सच्या जुडीत दडलेली असते. वरच्या बाजूस असलेल्या, अमिनो आम्लांचा क्रम दाखवणाऱ्या अनुक्रमपट्टीतून सुरुवातीची वीसेक अमिनो आम्ले निवडून त्यांना वेगळा रंग द्यावा आणि मग तीच निवड दुसऱ्या नोंदीत करावी. दडलेली हेलिक्स आता बाहेर आलेली असते, आणि पाच प्रतींच्या पाच हेलिक्स मिळून चाकाच्या मध्यातून वर निघालेले एक नरसाळे तयार करतात. हे नरसाळे पेशीपटलात शिरते. त्याच्या आतील बाजूस ११ व्या स्थानावरचे ग्लुटामेट असते. ते बदलले तर कॅल्शियमची ये-जा थांबते, हे २०२१ मध्ये प्रयोगांनी दाखवण्यात आले. म्हणजे ज्याला आपण इतकी वर्षे केवळ संदेश ग्रहण करणारे प्रथिन समजत होतो, ते जागे झाल्यावर स्वतःच आयनमार्ग बनते. पेशीत कॅल्शियम शिरते आणि रोगकारकाने गाठलेली पेशी मरून संसर्ग तिथेच अडतो.

आता अल्फाफोल्डच्या संग्रहाविषयी, कारण नवा वाचक बहुधा आधी तिकडे जातो. तो २०२१ मध्ये खुला झाला, २०२२ मध्ये त्यातील भाकितांची संख्या २० कोटींच्या पुढे गेली, आणि अरॅबिडॉप्सिस, भात, मका व सोयाबीन या वनस्पतींची प्रथिने त्यात पहिल्या टप्प्यापासूनच होती. एनएलआर घराण्यातील ज्या शेकडो प्रथिनांकडे कोणत्याही प्रयोगशाळेचे कधी लक्ष जाणार नाही, त्यांचाही विश्वासार्ह आराखडा तिथे मिळतो आणि ही उपलब्धी फार मोठी आहे. रंगांची योजनाही प्रामाणिक आहे: गडद निळा भाग खात्रीचा, पिवळा आणि नारिंगी भाग संशयाचा. परंतु या संग्रहात झार-१ चे पान उघडले, तर एकट्या साखळीची एकच मुद्रा दिसते. एडीपी नाही, साथीदार नाही, चाक नाही, नरसाळे नाही. संग्रहाची रचनाच तशी आहे, तेव्हा याला दोष म्हणणे योग्य नाही. मात्र रोगप्रतिकारक प्रथिनाचे चित्र म्हणून एवढ्यावर समाधान मानणारा वाचक त्याच्या कार्याबद्दल काहीच शिकलेला नसतो.

यावर कोणी म्हणेल, की २०२४ मध्ये आलेल्या अल्फाफोल्ड-३ च्या सेवेत अनेक साखळ्या आणि न्यूक्लिओटाइड एकत्र देता येतात. हे खरे आहे. झार-१ मध्ये ८५२ अमिनो आम्ले आहेत. त्याच्या पाच प्रती त्या सेवेच्या ५,००० घटकांच्या मर्यादेत बसतात, पण पाच-पाच साथीदारांसह संपूर्ण चाक बसत नाही. याहून महत्त्वाचा मुद्दा असा, की त्या प्रणालीचे प्रशिक्षण ज्या काळापर्यंतच्या प्रायोगिक रचनांवर झाले, त्या काळात ६जे५टी संग्रहात आधीच दाखल झालेली होती. त्यामुळे तिने झार-१ चे सुबक चाक काढून दाखवले, तर त्याला स्वतंत्र पुरावा म्हणता येत नाही. नव्या, अपरिचित एनएलआरसाठी मी ही भाकिते जरूर वापरते, पण प्रयोगाची दिशा ठरवण्यापुरतीच.

प्रायोगिक रचना म्हणजे अंतिम सत्य, असेही कोणी समजू नये, आणि या बाबतीत प्रोटीन डेटा बँक वाचकाला पुरेसे सावध करत नाही अशी माझी तक्रार आहे. ३क्यूएफएल ही २०११ ची नोंद पाहावी. बार्लीतील एमएलए-१० या प्रथिनाच्या सीसी भागाची ही स्फटिकातून मिळालेली रचना आहे. तीत दोन साखळ्या एकमेकींत गुंतून लांबट दांड्यासारखे युग्म बनवतात, आणि काही वर्षे याच युग्माला सीसी भागाचे कार्यरूप मानले गेले. २०१३ मध्ये बटाट्यातील आरएक्स प्रथिनाच्या त्याच भागाची चार हेलिक्सची आटोपशीर जुडी समोर आली. २०१६ मध्ये गव्हातील एसआर-३३ च्या द्रावणातील अभ्यासानेही चार हेलिक्सची जुडीच दिसली आणि एमएलए-१० चा तो तुकडाही द्रावणात एकेकटाच राहतो असे आढळले. पुढे झार-१ ने या दुसऱ्या चित्राला बळकटी दिली. ३क्यूएफएल मधील अणूंची मोजणी चुकीची होती असे नाही. स्फटिकात प्रथिन खरोखरच तसे बसले होते. प्रश्न त्या मांडणीतून काढलेल्या जैविक अर्थाचा होता. नोंदीच्या पानावरची गुणवत्तेची लाल-निळी पट्टी मात्र अणूंच्या मांडणीचा दर्जा सांगते, अर्थाचा नाही, आणि नंतर काय घडले हे त्या पानावरून नवख्याच्या ध्यानात येत नाही. एकाच घराण्याच्या नोंदींना कालानुक्रमे जोडणारी छोटीशी टीप जरी तिथे असती, तरी कित्येक विद्यार्थ्यांचा वेळ वाचला असता.

टीआयआर शाखेचे दालन छोटे आहे, पण उत्तम आहे. अरॅबिडॉप्सिसमधील आरपीपी-१ आणि निकोटियाना बेंथामियानामधील आरओक्यू-१ या दोन्हींच्या सक्रिय रचना २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्या. पहिले प्रथिन केवडा रोगाच्या रोगकारकाचे प्रभावक ओळखते, तर दुसरे झँथोमोनासचे. दोन्हींत पाचाऐवजी चार प्रती एकत्र येतात आणि दोन्हींत प्रभावक प्रथिन ग्राहकाला थेट चिकटलेले दिसते. इथे नरसाळे नाही. चार टीआयआर भाग दोन-दोनच्या जोड्या करतात, आणि जोडी जमल्यावरच एनएडी या रेणूचे विघटन करणारी विकराची जागा पूर्ण होते. त्यातून निघणारे छोटे रेणू ईडीएस-१ या प्रतिकाराचा संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनापर्यंत आणि त्याच्या जोडीदारांपर्यंत पोहोचतात आणि तेथून साहाय्यक एनएलआर प्रथिने, म्हणजे इतर एनएलआरचा संदेश पुढे चालवणारी प्रथिने, जागी होतात. ईडीएस-१ च्या जोडीची रचना २०१३ पासून संग्रहात होती, पण तिच्या खोबणीत नेमके काय बसते याचे उत्तर २०२२ मध्ये मिळाले. जुनी रचना हाताशी ठेवून नवीन रचना पाहण्याची सोय असणे म्हणजे काय, हे अशा वेळी जाणवते.

पिकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या नोंदी गव्हाच्या एसआर-३५ च्या आहेत. युगांडात सापडलेल्या यूजी९९ या काळ्या तांबेऱ्याच्या वंशाविरुद्ध हे प्रथिन काम करते. २०२२ मध्ये दोन गटांनी त्याच्या रचना स्वतंत्रपणे मांडल्या आणि त्यांतही पाच प्रतींचेच चाक दिसले. अरॅबिडॉप्सिस आणि गहू यांचे पूर्वज फार प्राचीन काळी वेगळे झाले, तरीही रचना तीच राहिली. फरक ओळखण्याच्या पद्धतीत आहे: एसआर-३५ ला आमिष लागत नाही, तांबेऱ्याचे प्रभावक थेट त्याच्या नालेसारख्या भागावर बसते. ते नेमके कोणत्या अमिनो आम्लांशी जुळते हे रचनेतून कळल्यावर, संशोधकांनी ते प्रभावक न ओळखणाऱ्या दोन नातलग प्रथिनांमध्ये आवश्यक ते बदल केले आणि ती प्रथिने ते ओळखू लागली. ही नोंद उघडून दोन प्रथिनांमधला संपर्कपृष्ठभाग स्वतः न्याहाळला, की रोगप्रतिकारक वाण घडवण्याचे काम यापुढे कोणत्या पातळीवर होऊ शकते याचा अंदाज येतो.

भातावरील करप्याच्या बाबतीतही असेच आहे. पिक-१ या प्रथिनात एक परका वाटावा असा एचएमए नावाचा भाग मध्येच बसवलेला असतो आणि करप्याच्या बुरशीचे प्रभावक त्यालाच चिकटते. २०१५ पासून अशा जोड्यांच्या अनेक नोंदी जमल्या आहेत. त्या एकमेकींवर बसवून पाहिल्या, तर बुरशीच्या प्रभावकात एखादे अमिनो आम्ल बदलल्यावर पकड कशी सैल होते हे समजते. यासाठी संकेतस्थळावरचे रचना-जुळणीचे साधन पुरेसे आहे. वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे लागत नाही.

आता उणिवा. शोधव्यवस्था या विषयाला अनुकूल नाही. ‘रोगप्रतिकारक प्रथिन’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांनी शोध घेतला, तर हवे-नको ते सगळे एकत्र येते. प्रथिनांच्या नावांचा गोंधळ त्यात भर घालतो: झार-१ ची अनुक्रमसंग्रहातील अधिकृत नोंद ‘आरपीपी-१३ सदृश प्रथिन ४’ अशी आहे, तर प्राण्यांमध्ये झार-१ याच नावाचे, बीजांडाशी संबंधित असे अगदी वेगळे प्रथिन आहे. यावर उपाय म्हणजे नावाऐवजी अनुक्रम देऊन शोधणे. तो पर्याय उत्तम चालतो आणि दूरचे नातलगही हुडकून देतो. त्याच शोधपानावर भाकीत केलेल्या रचनांचा समावेश करण्याची कळ आहे. ती चालू असेल, तर निकालांत प्रायोगिक आणि संगणकीय रचना एकत्र येतात. त्यांची चिन्हे वेगळी असली, तरी घाईत नजर चुकते. सुरुवातीला ती बंदच ठेवावी.

दुसरी मोठी उणीव संग्रहाची नसून विषयाची आहे. पूर्ण लांबीच्या, सक्रिय अवस्थेतील वनस्पती-एनएलआरच्या रचना आजही मोजक्याच आहेत आणि बाकीच्या बहुतेक नोंदी तुकड्यांच्या आहेत. एखाद्या पिकातील विशिष्ट जनुकाची रचना मिळेल या अपेक्षेने येणाऱ्याची बहुधा निराशा होईल. त्याने इथून जवळचा नातलग घ्यावा आणि अल्फाफोल्डचे भाकीत त्याच्यावर बसवून पाहावे. दोन्ही सेवांचा मिळून असा उपयोग होतो आणि मला तो सर्वांत योग्य वाटतो.

चौकशीला आलेल्या विद्यार्थ्याला मी आणखी एक गोष्ट सांगते, ती म्हणजे विभेदनाचा, म्हणजे रचनेत किती बारीक तपशील दिसतो त्याचा, आकडा (तो जितका लहान तितका तपशील बारीक) पाहिल्याशिवाय बाजूच्या साखळ्यांबद्दल बोलू नये. ६जे५टी चे विभेदन ३.४ अँगस्ट्रॉम आहे. एवढ्यात साखळीचा कणा आणि मोठ्या अमिनो आम्लांचे कल नीट ओळखता येतात, पण प्रत्येक हायड्रोजन बंधाची लांबी शपथेवर सांगता येत नाही. सोय अशी, की ज्या घनतेच्या नकाशावरून रचना उभारली तो नकाशाही दर्शकात रचनेवर पांघरून पाहता येतो. जिथे अणू आहेत पण नकाशा विरळ आहे, तिथला तपशील हातचा राखून वाचावा. उलट, नकाशात काहीतरी आहे पण अनुक्रमात त्याचे उत्तर नाही, अशी जागाही कधी सापडते. टोमॅटोतील एनआरसी-२ या साहाय्यक प्रथिनाच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनांमध्ये नालेच्या आतल्या बाजूस इनोसिटॉल फॉस्फेटचे रेणू बसलेले आढळले. अनुक्रम वाचून असा रेणू तिथे असेल अशी कल्पना कोणालाही आली नसती. या नोंदींत एनआरसी-२ च्या प्रती विश्रांत असतानाच एकमेकींना धरून राहिलेल्या दिसतात, म्हणजे प्रतींचे एकत्र येणे हे नेहमीच जागे होण्याचे लक्षण नसते. झार-१ नंतर ताबडतोब ही नोंद पाहावी, म्हणजे एका प्रथिनावरून सगळ्या घराण्याचा नियम बांधण्याची घाई होणार नाही.